आईला काय येतं

सगळे हसले. आईपण हसली. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून, थोडंसंच. तिला वाटलं, सर काहीतरी बरं बोलले.

सर म्हणाले होते, "मग असं करू बाई, त्या तुमच्या सटवाईलाच प्रवेश देऊन टाकू. काम ती करते. तुम्ही नुसत्या सोबतीला."

टेबलापलीकडे तिघे होते. मधे मोठे सर, म्हणजे जिथं मुलाखती चालल्या होत्या त्या कॉलेजचे प्राचार्य. एका बाजूला गृहविज्ञान शिकवणाऱ्या मॅडम. दुसऱ्या बाजूला शेजारच्या कॉलेजातून आलेले एक सर, ते सगळा वेळ पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. टेबलाच्या अलीकडे माझी आई, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेली. आणि दाराजवळच्या बाकावर मी. या सगळ्या योजनेची प्रमुख.

मी हसले नाही. त्या घटकेला माझं शौर्य एवढंच.

योजना काय होती ते आधी सांगते. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतली आणि आसपासची मिळून चार कॉलेजं एकत्र आली होती. नावं घेत नाही. ज्यांची शाळा सुटली पण आयुष्यभर कामात हात मुरले, त्यांचं त्या कामापुरतं शिक्षण झालंय असं धरायचं. समोर बसवून विचारायचं, आणि पटलं तर प्रमाणपत्राच्या वर्गात थेट वरच्या भागाला घ्यायचं. एका कॉलेजने मानलं की बाकी तिघांनी मानायचं. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं. लोक आपले म्हणायचे, अनुभवाचे मार्क.

चार कॉलेजांना एका टेबलाशी आणलं ते मी. साक्षरता मोहिमेत मी पाट्या-पेन्सिली घेऊन डोंगर-दऱ्या हिंडले होते. मग बाहेरून बी.ए., एम.ए. केलं आणि एका कॉलेजच्या प्रौढ शिक्षण विभागात लागले. तिथं कळलं, की एकाचा नियम दुसऱ्याला चालत नाही आणि एक प्राचार्य दुसऱ्या प्राचार्यांच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. मी एसटीने या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन सगळ्यांची मनं धरली. शेवटी प्रमुख कुणाला करायचं यावर चौघांचं जमेना. तेव्हा मला केलं. आपल्यातल्या एकाला मोठं करण्यापेक्षा ही बरी, हिचा त्रास नाही. मला ते कळत नव्हतं असं नाही. म्हटलं, असू दे, काम तर होतंय.

आमची वस्ती ओढ्यापलीकडची. विंझरहून आत, गुंजवणीच्या खोऱ्यात आमचं गाव. गावाला आम्ही लागायचो दोन कामांना. मेलेलं ढोर ओढायला आणि अडलेली बाई सोडवायला. पहिलं काम माझ्या आज्याने सोडलं, त्यासाठी मारही खाल्ला. दुसरं आईकडे आलं, तिच्या सासूकडून. सुईणीचं.

मी लहान असताना एकदा आईबरोबर वरच्या आळीतल्या एका मोठ्या घरी गेले होते. आई थेट आत. जिथं एरवी आमची सावली चालत नव्हती त्या आतल्या खोलीत. मी गोठ्यात बसून राहिले. बऱ्याच वेळाने पोर रडलं. घरात एकदम पळापळ, आनंद, गूळ वाटला. मग आई बाहेर आली आणि गोठ्यातच तिला चहा दिला. वरून ओतला. कोनाड्यातली बशी तिनंच घ्यायची आणि तिनंच धुवून ठेवायची. मी म्हटलं, "आई, आत्ता तर आत व्हतीस की."

ती म्हणाली, "आत बाई अडल्याली व्हती. आता सुटली."

एवढंच. रागाने नाही, दुःखाने नाही. पाऊस थांबला म्हणावं तसं. मी मात्र त्या बशीकडे बघत राहिले. पुढं मी जे काही शिकले ते त्या बशीच्या रागावर शिकले.

आता आई पन्नाशीला टेकली होती. वडील गेलेले. धरणाचं काम निघालं तशी खोऱ्यातली किती घरं उठून खाली गेली. राहिलेल्या घरातल्या पोरी दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या. ते चांगलंच झालं. मोहिमेत मीच घसा फोडून सांगत होते, दवाखान्यात जा. आईही सांगायची. नुसती सांगायची नाही, जीपमधून बाईबरोबर बसून जायची, वाटेत तिचं डोकं मांडीवर घेऊन. त्यामुळं भोरच्या एका डॉक्टरबाईंची आणि तिची ओळख झाली. बाईंचं स्वतःचं प्रसूतिगृह होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, झाडलोटीला यायचं तर उद्या या. पण बाळंतिणीच्या खोलीत मदतीला घ्यायचं तर मला कागद लागेल. शिकून या, मी घेते."

आईला झाडलोट नको होती. मला म्हणाली, "म्या आत जानार. तुझ्या कालेजात बघ कायतरी."

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

आमच्या चारपैकी एका कॉलेजात आरोग्य मदतनीसाचा वर्ग होता. मी आईचं नाव घातलं. ज्या दिवशी तिचा नंबर होता त्या दिवशी तिनं लग्नाकार्याचं लुगडं नेसलं, केसाला तेल लावलं. आम्ही पहिल्या एसटीने गेलो. वाटेत मी तिला सांगितलं, "घाबरायचं नाही. जे करतेस ते सांगायचं." ती म्हणाली, "सांगीन की."

तिच्या आधी सारोळ्याचे चाचा आत गेले. हायवेला त्यांचं गॅरेज होतं, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. चाचा खुर्चीवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "सायेब, ह्या हायवेवरनं गेल्याल्या निम्म्या गाड्या म्या उघडल्यात. बोला, काय इचारता." सर खूश झाले. मॅडमही हसल्या. चाचांना वर घेतलं. मला बरं वाटलं. माणूस छाती काढून बोलला की या लोकांना कळतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण त्यातला धोका आला नाही.

मग आई.

मॅडम गोड बोलायच्या. त्यांनी विचारलं, "मावशी, आजवर किती बाळंतपणं केलीत?"

आई म्हणाली, "म्या न्हाई केली."

"म्हणजे?"

"म्या कुठं करतीया? ती करती."

"ती कोण?"

"सटवाई. आमी नुसतं हात म्होरं करायचं."

मॅडमनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मग पुन्हा विचारलं, "बरं, बाई अडली तर तुम्ही काय करता?"

"जवळ बसतो."

"मूल आडवं असलं तर?"

आईनं मान हलवली. "ते आज न्हाई बोलायचं."

मोठे सर म्हणाले, "मग कधी बोलायचं? मुहूर्त काढायचा का?" आणि मग ते सटवाईचं बोलले. आणि सगळे हसले.

मी उठले. म्हटलं, "सर, तिला असं विचारून चालणार नाही, जरा—"

"बाई, नियम." सरांनी हात वर केला. "तुमचाच."

खरं होतं. नात्यातलं माणूस समोर असेल तर प्रमुखाने गप्प बसायचं, हा नियम मी भांडून घालून घेतला होता. संस्थाचालकांचे मेव्हणे-भाचे मागच्या दाराने घुसू नयेत म्हणून. पहिल्यांदा तो नियम कुणाला लागला? माझ्या आईला. मी बसले.

आई "येते" म्हणून सगळ्यांना हात जोडून बाहेर गेली. सरांनी निकालाचा कागद माझ्याकडे सरकवला. "अनुभव शून्य. लिहा तुम्हीच. योजना तुमची, आई पण तुमची."

पेनवाले सर पुन्हा हसले. मी कागद घेतला, घडी घातली, पिशवीत टाकला आणि बाहेर पडले. लिहिलं काही नाही.

एसटीत आईनं विचारलं, "वर्गाला कवापसून यायचं गं?"

ते हसले म्हणून तिला वाटलं होतं, काम झालं. कितीतरी वळणं मी तिकिटाच्या घड्या घालत बसले. मग सांगितलं. नाही घेतलं म्हणून. तिनं पदर सारखा केला. मलाच राहवेना. मी चिडले. भर एसटीत. म्हटलं, "तुला काय झालं होतं? सगळं येतंय तुला. सांगितलं का नाहीस? ‘म्या न्हाई केली’ काय! मग कुणी केली?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शेवंताबाईंची सून अवघडल्याली हाय."

"मग?"

"तिचा नारळ आलाय आपल्यात."

मग मला समजलं. आमच्याकडे बाईचे दिवस भरत आले की तिच्या घरून सुईणीकडे नारळ येतो. नारळ आला की सुईण त्या बाईला बांधली गेली. ती सुटेपर्यंत सुईणीने आधीच्या सुटका मोजायच्या नाहीत. मी केलं म्हणायचं नाही. अडलेल्यांच्या गोष्टी तर तोंडातून काढायच्याच नाहीत. बाई सुखरूप झाली की सुईणीने स्वतः तो नारळ फोडायचा, मग खुशाल बोलायचं. हे मी लहानपणापासून पाहत होते. इतकं पाहत होते की दिसायचं बंद झालं होतं.

"म्या तिथं म्या-म्या केलं असतं," आई म्हणाली, "आन त्या पोरीचं आडवं आलं असतं मंजी? कागुद घिऊन काय चाटू?"

"मग आज यायचंच कशाला? पुढच्या खेपेला आलो असतो."

"तू म्हनलीस आज चल. आले."

मी देव मानत नाही. आईच्या सटवाईवरून आमची आयुष्यभर भांडणं. त्या वेळी मला सटवाईचा राग आला, सरांचा आला, आणि खोटं कशाला बोलू, आईचा सगळ्यात जास्त आला. एवढा मोठा कागद तिनं एका दुसऱ्याच्या सुनेसाठी सोडून दिला होता, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. मग रागाचं पाणी झालं. मी तोंड फिरवून रडले. आई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. समोरच्या सीटवरची बाई विचारायला लागली, सासरी काही झालं का.

कॉलेजचा एक शिपाई आमच्याच गावचा होता. आमची एसटी पोचायच्या आधी बातमी पोचली. कालेजात इचारलं तर सुईणीला शून्य मिळालं. काय बी येत न्हाई म्हनं तिला. इतकी वर्षं आपल्या बाया हिच्या हातात दिल्या.

शेवंताबाईंचं घर वरच्या आळीत. सुनेचे दिवस भरलेले. दोन दिवसांनी पहाटे तिला कळा लागल्या आणि त्यांनी भोरला जायला जीप सांगितली. दवाखान्यात न्यायचं हे आईनंच ठरवून दिलं होतं, पोर पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. आईनं बरोबर जायचं हेही ठरलेलं. जीपचा आवाज आला तशी आई उठली. फडकी, पाण्याची बाटली, असं गाठोडं तिनं बांधूनच ठेवलं होतं. ते घेऊन ओढ्यापाशी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते.

जीप आली. आईनं हात केला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. आतून कुणीतरी काहीतरी म्हणालं. जीप गेली.

आई तिथंच उभी राहिली. जीप वळणाआड गेली, आवाज बंद झाला, तरी उभी. मी जाऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. ती म्हणाली, "गडबडीत दिसलं नसंल त्यास्नी."

दुपारी निरोप आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

"सुखरूप?" आईनं दोनदा विचारलं. मग घरात गेली, तो नारळ काढला आणि उंबऱ्यावर फोडला. मी म्हटलं, "कशाला फोडतेस? विचारलं तरी का त्यांनी तुला?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच परकी आहे. "पोर आलीया की जगात," ती म्हणाली. वस्तीतल्या पोरांना तिनं खोबरं वाटलं. पाचव्या दिवशी पाचवी पुजायला सुईण लागते. त्या दिवशी आई आंघोळ करून दारात बसली. वरच्या आळीतून कुणीही आलं नाही. संध्याकाळी तिनं उठून चूल पेटवली.

त्यानंतर एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्यांचं बराबर हाय पोरी."

"कुणाचं?"

"तुझ्या सरांचं. येत असतं तर सांगता आलं असतं की. न्हाई सांगता आलं, मंजी येत नसंल."

"आता सांग की मग. नारळ फुटलाय. मला सांग."

तिनं भाकरी उलटली. "आता न्हाई आठवत," म्हणाली.

मला गोठ्यातली बशी सहन झाली होती. हे झालं नाही. बशी तिच्या हातात होती, तिच्या आत गेलेली नव्हती. त्या तिघांनी एका दुपारी, चहा-बिस्किटं खात, तिच्या आतलं काढून घेतलं आणि त्यांना पत्ताही नव्हता. हातातून हिसकावून असं काही चोरता आलं नसतं. ते विचारून चोरतात.

आई आता त्या डॉक्टरबाईंकडे जाते. झाडलोटीला. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. एकदा मी तिला न्यायला गेले तेव्हा ती बाळंतिणीच्या खोलीबाहेरची फरशी पुसत होती. आतून बाई ओरडली. आई उभी राहिली. हातात ओलं फडकं, मान किंचित दाराकडे, ओठ हलत होते. नर्स दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा." आई बाजूला झाली.

मी तिला न घेताच परत फिरले. फाटकाबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. माझं काळीज फाटलं, असं लिहायला लाज वाटते, पण दुसरं काय झालं ते मला सांगता येत नाही.

महिन्याची बैठक आली. चारही प्राचार्य, मॅडम, ते पेनवाले सर. मोठे सर म्हणाले, "त्या मागच्या निकालांवर तुमची सही राहिलीय. एक कागद तर अजून पिशवीतच आहे म्हणे."

मी तो कागद काढून टेबलावर ठेवला. कोराच. म्हटलं, "यावर शून्य लिहिणार नाही. सही करणार नाही."

"भावनिक होऊ नका."

"होणार. आई आहे."

"मग योजना काय आईसाठी काढली होती?"

बाकीचे हसायच्या बेतात होते. मी म्हटलं, "हो. आयांसाठीच काढली होती. तुमच्या आईला कधी कुणी समोर बसवून विचारणार नाही, तुला काय येतं म्हणून. म्हणून तुम्हाला कळत नाही."

कुणी हसलं नाही. मग मी नारळाचं सांगितलं. सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, पण हे आम्हाला कसं कळणार?" मी म्हटलं, "विचारलं असतंत तर. ती म्हणाली होती, आज नाही बोलायचं. आज का नाही, एवढं एक विचारायचं होतं. तुम्ही मुहूर्त काढलात."

मोठ्या सरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "असल्या अंधश्रद्धांना कॉलेज मार्क देणार नाही. सही करा, नाहीतर पद सोडा."

"सही करणार नाही. पदही सोडणार नाही. काढायचं तर काढा. पण कारण लिहा. मुलाखत घेणाऱ्यांना ऐकता येत नाही असं ही म्हणाली, म्हणून काढलं, असं लिहा आणि चौघे सह्या करा."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस एकमेकांच्या खोलीत न जाणारी माणसं. एकाचंही पेन पुढं आलं नाही. बैठक पुढच्या विषयावर गेली.

मी अजून प्रमुख आहे. पुढच्या मुलाखती मी कॉलेजात ठेवलेल्या नाहीत. खोऱ्यात ठेवल्यात, गुंजवणे गावात, एका अंगणात. जिचं काम बघायचं तिनं गप्प बसायचं. ज्यांच्यासाठी तिनं काम केलं त्यांनी बोलायचं. त्यांना जमेल तेव्हा, जमेल त्या दिवशी. चौघांनाही कळवलंय. दोघांनी येत नाही म्हणून सांगितलंय, दोघांनी काहीच सांगितलेलं नाही.

आईला याचा उपयोग नाही. आई येणार नाही. मी विचारलं होतं, ती म्हणाली, कामावर जायाचंय. तिचं जे गेलं ते मी परत आणू शकत नाही आणि पुढे कुणाचं तरी भलं होईल असं सांगून कुणी माझी समजूत घालू नये. मला ती नको आहे.

पण यापुढे मुलाखत घ्यायला जो येईल त्याला आधी मी विचारणार. तुमचा अनुभव काय. कुणाच्या दारात जाऊन बसलात. गप्प बसलेल्या माणसाचं कधी ऐकलंत का, आणि काय ऐकलंत. सांगता आलं नाही, तर पदव्या कितीही असोत, त्यांचं शिक्षण मी मानणार नाही आणि त्यांना त्या खुर्चीवर बसू देणार नाही.